खोबरेल तेलाचा गुंड

डेव्हन ॲव्हेन्यूच्या बसथांब्यावर माझ्या मागे दोघी मराठीत बोलत होत्या.

“मालिनीताई, परवा टीव्हीवर तो जुना सिनेमा पाहिला, शाळकरी गुंडांचा. आणि काल आमचा विनय अगदी तसाच तयार! केस चपचपीत, कॉलर उभी. वाटलं, गेलं पोर हातचं.”

“अगं बाई! मग?”

“टीचरला फोन केला. ती हसायलाच लागली. शाळेत फिफ्टीज वीक आहे, सगळेच पन्नासच्या दशकातल्या पोरांसारखे नटून येतात.”

“सुटलीस! पण केस चापून बसवले कशानं?”

“माझ्या खोबरेल तेलानं, काल गुपचूप स्वतःच लावून! एरवी बाटली दिसली की पळतो. आज तर आपणहून माझ्या पुढ्यात येऊन बसला. म्हणे, ‘मोअर, आई.’”

“मग?”

“मग काय, चांगलं टाळूवर जिरवलं. पुन्हा कधी सापडतोय!”