धूसर चित्राला एक मार्क

आदरणीय अध्यक्ष साहेब, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, आज आपला निरोप घेणाऱ्या आमच्या मोठ्या बाई, आणि समोर बसलेल्या माझ्या लेकींनो, भावांनो. माईकसमोर उभं राहायची माझी ही पहिलीच वेळ. सून म्हणाली, आई, दोनच शब्द बोला. मी म्हटलं, दोनच बोलायचे तर मला कशाला बोलावतील?

मला आज आनंद झालाय, खोटं कशाला सांगू. चौथीत नापास झालेल्या बाईला या मोठ्या बाईंनी एकसष्टाव्या वर्षी नोकरी दिली, आणि तीही मार्क द्यायची. म्हणाल्या, शिकलेली नजर नको, साधी हवी. नात मैत्रिणींना सांगत फिरते, आमची आजी सगळ्या जगाचे पेपर तपासते.

पाहुण्यांना आमचं काम ठाऊक नसेल. लोक मोबाईलवर व्हिडिओ टाकतात ना, ते आमच्यासमोर यायचे, आवाज बंद करून, आठ-आठ सेकंद. चित्र स्वच्छ आहे का, उजेड आहे का, हलतंय का, एवढं बघायचं आणि एक ते पाच मार्क द्यायचे. आमचे मार्क बघून मशीन शिकायचं. मग तेच ठरवायचं, कुठला व्हिडिओ लोकांपुढे न्यायचा आणि कुठला तळाला ढकलायचा. भिंतीवर पाटी होती, ‘काय दिसतं ते नको, कसं दिसतं ते बघा.’ पहिला आठवडा मी प्रत्येक तान्ह्या बाळाला पाच देऊन टाकले. बाई हसायच्या. म्हणायच्या, आजी, बाळ गोड आहे हो, पण चित्र आंधळं आहे.

रोज सकाळी त्यात दोन-तीन जुनेच व्हिडिओ मिसळलेले असायचे, आमची नजर स्थिर आहे का ते तपासायला. त्यातला एक सगळ्यांना पाठ होता. नुसता राखाडी, हलता, मध्येच पत्र्याच्या दारावर एक हात. त्याला सगळे एक द्यायचे. मीही नऊ वेळा एकच दिला. नजर स्थिर म्हणून मला शाबासकी मिळाली. अध्यक्ष साहेब, तुमच्याच हातून.

मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कामावर परतले आणि दहाव्यांदा तोच व्हिडिओ आला. या खेपेला ते राखाडी मला वर चढताना दिसलं. मी वीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात काढली आहेत. कापडाचा गठ्ठा धुमसतो तेव्हा आधी जाळ नसतो, धूरच असतो. चित्र खराब नव्हतंच, तो धूर होता. मी पाच दिले. मशीनने लगेच लाल खूण केली.

बाईंनी खोलीत बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. पण त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज चालू केला. एक मुलगी खोकत खोकत म्हणत होती, “दार बाहेरून बंद आहे. आम्ही सात जणी आहोत. कुणीतरी कडी काढा.”

बाईंनी शोध घेतला. व्हिडिओ दीड वर्षापूर्वीचा, एका कारखान्याला आग लागली तेव्हाचा. टाकल्यापासून तासाभरात फक्त नऊ जणांना दिसला, कारण मशीनने तो तळाला ढकलला होता. का, तर चित्र धूसर. मशीनला हे शिकवलं कुणी? आम्हीच ना? सातही जणी गेल्या, फोनही जळला. आणि कारखान्याच्या मालकाने घरच्यांना सांगितलं, पोरींनीच आतून कडी लावली होती.

बाईंनी वर कळवलं. उत्तर आलं, आपलं काम चित्रापुरतं, व्हिडिओ बाहेर जाता कामा नये. बाईंचा डबा दोन दिवस तसाच परत गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो व्हिडिओ त्या मुलीच्या आईच्या हातात नेऊन दिला. आता त्या आगीची चौकशी पुन्हा लागली आहे, आणि बाईंना हा निरोप. कागदावर ‘स्वेच्छेने’ लिहिलंय. एवढं जड अक्षर मी लावून लावून वाचलं, तरी खरं वाटलं नाही.

माझ्या आधी बोललेले साहेब म्हणाले, बाईंनी कधी नियम मोडला नाही. साहेब, एकदा मोडला. तेवढं मानपत्रात घाला, बाकीचे गुण नाही लिहिले तरी चालेल.

उद्यापासून आमचंही काम मशीनच करणार म्हणे. करू दे. पण ते माझ्या जुन्या डोळ्यांनी बघणार, याची मला धास्ती वाटते.

अध्यक्ष साहेब घड्याळ बघताहेत, आवरते. हार-गुच्छ आणणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, मला बोलू देणाऱ्यांचे आभार. काही अधिक-उणं बोलले असेन तर व्यासपीठाने पोटात घालावं. नऊ वेळा जो एक मार्क दिला, त्याची माफी मात्र मी इथे मागत नाही. त्या मुलीची आई शेवटच्या रांगेत बसली आहे, मीच तिला घेऊन आले. माफी द्यायची की नाही, ते तिने ठरवायचं. मी खाली येते आणि तिच्या शेजारी बसते.