कावेरीताईंवरचा तो ठपका

जमलेल्या मायबापहो, भाऊजी, अन् पुढं बसलेली ताईंची लेक पूजा,

मला भाषण येत न्हाई. नाव पुकारलं तव्हा वाटलं, मागच्या मागं निघून जावं. पण आज गेले तर मंग कधीच बोलणार न्हाई. म्हणून उभी राह्यले.

मी सुरेखा. आज आपल्यात नसलेल्या कावेरीताईंच्या हाताखालची नर्स. दवाखान्यात बाळांच्या खोलीत आम्ही दोघी असायचो.

आत्ता समद्यांनी ताईंच्या बाटल्यांचं कौतुक केलं. बराबर हाय. कमी दिवसांचं लेकरू यायचं, श्वास घेताना बरगड्या आत ओढून राह्यलेलं. ताई जल्दी सेट जोडायच्या. ऑक्सिजनची नळी नाकाशी, तिथून निघालेली दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत. किती बुडवायची, त्याची खूण लाल नेलपॉलिशची. पाण्यात बुडबुडे आले की समजायचं, छातीत हवा टिकून राह्यली. मोठं यंत्र नव्हतं. त्या बाटलीवर किती लेकरं आईच्या कडेवर बसून घरी गेली! मला म्हणायच्या, बुडबुड्यांचा आवाज कानात ठिव. बंद झाला की हातातलं टाकून पळायचं.

मंग नवीन यंत्र आलं. उद्घाटनाला साहेब यायचे होते. सकाळी खोली धुतली, रांगोळी काढली, यंत्राला रिबीन बांधली. बाटल्या तेवढ्या भंगारावानी दिसून राह्यल्या होत्या. साहेब काय म्हणतील? मी त्या उचलल्या अन् स्टोअरात नेऊन ठेवल्या. मी. ताईंना विचारलंसुद्धा न्हाई. स्टोअरला कुलूप लागलं, अन् किल्लीवाला हार-नारळ आणायला गेल्ता.

तेवढ्यात बाळ आलं. मुलगी होती. ताईंनी बाटलीकडं हात नेला, जागा रिकामी. त्यांनी माझ्याकडं पाह्यलं. रिबीन तोडून यंत्र उघडलं, तर नाकाला लावायची नळी पेटीत आलीच नव्हती. मंग बाहेरून दगड आणला, कुलूप फोडलं, सेट जोडला. बुडबुडे आले. बुडबुडे येत राह्यले. बाळ न्हाई राह्यलं.

तिच्या आईला काय सांगितलं असंल आम्ही? आज मला आठवत बी न्हाई.

चौकशी लागली. सामान जागेवर का नव्हतं? मी कागदावर लिहायला बसले, तर ताईंनी माझ्या हातातून पेन काढून घेतला.

"तू कंत्राटी हायेस," म्हणल्या. "तुला घरी बसवतील. मला फार तर दुसरीकडं बसवतील."

अन् लिहून दिलं, सामान मीच हलवलं. मी गप बसले. मला नोकरी पाहिजे होती, माय. खरं सांगते, पाहिजे होती.

त्यांना इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. पाच वर्षं. जिनं लेकरं जगवली ती बाई दिवसभर सुया टोचत बसली. दुपारी डबा खायला जाताना बाळांच्या खोलीच्या दारात थांबायच्या. आत यायच्या न्हाईत. बाटल्या परत जागेवर आल्या होत्या, त्यांचे बुडबुडे कान देऊन ऐकायच्या अन् जायच्या. मला दरवेळी वाटायचं, उद्या मोठ्या सायबाला खरं सांगू. पाच वर्षांत तो उद्या आला न्हाई. आता सांगून काय उपेग? फायलीत त्यांचंच नाव हाय.

भाऊजी, त्यांनी तुम्हालाही सांगितलं न्हाई, मला ठावं हाय. पूजा, शाळेत पोरी तुला तुझ्या आईवरून बोलल्या, ते बी मला ठावं हाय. तुझ्या आईनं काहीच केलं नव्हतं बाई. मी केलं. माफ कर म्हणायची माझी लायकी न्हाई.

आता दोन मिनिटं गप उभं राहायचं हाय. बुडबुड्यांचा आवाज बंद झाला की ताई घाबरायच्या, धावत सुटायच्या. आज त्यांच्यासाठी आपण आवाज बंद करून राह्यलो, अन् पळत येणारं कोणीच न्हाई.

उभे राहा.