हिरवा ठिपका

मुलगी : बाबा, आधी सांगा, तुम्ही लेकाच्या कॉम्प्युटरसमोर काय करताय?

बाबा : माउस हलवतोय.

मुलगी : ते दिसतंय मला. कशासाठी?

बाबा : हा हिरवा ठिपका बघ. तीन मिनिटं माउस हलला नाही की तो पिवळा होतो. पिवळा झाला की ऑफिसला कळतं, माणूस जागेवर नाही.

मुलगी : आणि तो माणूस कुठे उलथलाय?

बाबा : असं बोलू नये. शाळेतून फोन आला. त्याची छोटी जिन्यावरून पडली, हात सुजला. रजा मागितली तर मिळाली नाही. ‘बाबा, अर्धा तास बसा’ म्हणाला नि पळाला बिचारा.

मुलगी : कधी?

बाबा : दहाला.

मुलगी : दोन वाजलेत! मी तिकडून फोन करकरून दमले. तुम्ही का नाही उचललात?

बाबा : फोन आत राहिला गं.

मुलगी : सरका. मी हलवते. तुम्ही पाय मोकळे करा, चार घास खा.

बाबा : नको. तू आत जा, चहा टाक.

मुलगी : आधी उठा तुम्ही.

बाबा : चहा टाक म्हटलं ना!

मुलगी : ओरडताय कशाला? उठा म्हणतेय तर... बाबा. अहो, तुमची पँट...

बाबा : बघू नकोस. जा आत.

मुलगी : ऑपरेशनला महिना झाला नाही तुमच्या! डॉक्टर घसा फोडून सांगत होते, अडवून धरायचं नाही म्हणून!

बाबा : बारापर्यंत धरलं. मग नाही राहवलं.

मुलगी : बाथरूम दहा पावलांवर आहे!

बाबा : तीन मिनिटांत जाऊन येणं होत नाही गं माझ्याच्यानं. मागे दोनदा पिवळा झालाय त्याचा. तिसऱ्यांदा झाला की घरी बसवतात.

(दार उघडतं. मुलगा बाहेरच्या खोलीतून बोलतच येतो.)

मुलगा : बाबा, सॉरी! एक्स-रेला ही लांबलचक रांग. प्लास्टर घातलंय, सोफ्यावर बसवलंय तिला. तुम्हाला किती फोन... ताई? तू कधी आलीस?

मुलगी : ये. पुढे ये. बघ काय करून ठेवलंस.

मुलगा : बाबा! अहो, उठायचं ना!

मुलगी : उठायचं ना? जनाची नाही, मनाची तरी लाज बाळग! दावणीला बांधून गेलास बापाला!

मुलगा : मग काय करू? पोरीला तिथे विव्हळत ठेवू? नोकरी गेली तर हे घर तू चालवणारेस?

मुलगी : तुझ्या त्या साहेबाला चार शिव्या हासडता येत नाहीत?

मुलगा : साहेब आहेच कुठे! माणूसच नाही गं तिकडे कोणी! अर्ज भरला, आठ सेकंदांत ‘नामंजूर’ आलं. आठ! शिव्या कोणाला घालू, सांग ना! ह्या ठिपक्याला?

मुलगी : म्हणून बापावर वेळ आणलीस?

बाबा : पुरे करा दोघं. टिंग वाजलं बघ. काहीतरी आलंय ऑफिसचं.

मुलगी : वाच. मोठ्याने वाच.

मुलगा : राहू दे ताई.

मुलगी : मग मीच वाचते. ‘अभिनंदन! आज तुम्ही एकदाही जागा सोडली नाहीत. हा तुमचा या महिन्यातला सर्वोत्तम दिवस.’ आग लागो मेल्यांना!

मुलगा : बंद कर ते. वायर ओढ, ताई! जाऊ दे खड्ड्यात ती नोकरी!

बाबा : खबरदार हात लावलात तर! चार तास बसलोय मी इथे.

मुलगा : बाबा, पाया पडतो तुमच्या. उठा.

बाबा : उठतो. आधी छोटीला आतल्या खोलीत ने. आणि दार ओढून घे.