शेवटच्या घरापर्यंतचा रस्ता

मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न. तुमच्या फाटकाबाहेरचा रस्ता — कुणाचा? काय म्हणालात, सगळ्यांचा? मग त्याच्यावर तुमची पायरी काय करतेय! हसू नका, हसू नका… गोष्ट हसण्याची नाही.

दिगंबर सोनटक्के. एसटीचे ड्रायव्हर. चौतीस वर्षं गाडी हाकली आणि निवृत्त होऊन एका लेआउटमध्ये बावीस बंगल्यांपैकी अगदी टोकाचा घेतला. मूलबाळ नाही. बायको कुमुद, तीही दोन वर्षांमागे गेली. मागे राहिले हे — आणि तिनं कुंपणाबाहेर लावलेला मोगरा.

त्यात ड्रेनेज तुंबलं! घाण पाणी थेट यांच्या दारात. गेले नगरपालिकेत. ओव्हरसियर म्हणाला, "काका, रस्ता खासगी आहे. बिल्डरनं आमच्या ताब्यात दिलेलाच नाही. आम्ही लाइन टाकणार कशी?"

"मग उपाय?"

"सगळ्यांनी सह्या करा. आणि नकाशात आहे तेवढा, नऊ मीटर, रस्ता मोकळा करा."

नऊ मीटर! अहो, तिथं सहासुद्धा उरला नव्हता. कुणाची बाग पुढे आलेली, कुणाची गाडीची शेड. म्हातारा अर्ज घेऊन दारोदार फिरला. एक जण म्हणाला, "आमच्याकडे तुंबत नाही हो." दुसऱ्यानं विचारलं, "आपण राहता कुठे?" — अकरा वर्षं शेजारी, मंडळी! अकरा वर्षं! सही एकाचीही नाही.

तरी ओव्हरसियर टेप घेऊन आला. मोजलं. मग खाली मान घालून म्हणाला, "काका… मोगरासुद्धा रस्त्यातच येतोय."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

सोनटक्के घरात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते कुदळ घेऊन! कळ्यांनी भरलेलं झाड. एक घाव घालायचे, थांबायचे. समोरच्या शाळामास्तरीण, शेखबाई, बाहेर आल्या. "काका, काय करताय? कुणी लावलाय हा?"

"हिनं."

एवढंच! शेखबाई तशाच वळल्या. आत गेल्या, हातोडा आणला आणि स्वतःच्या पायऱ्यांवर पहिला घाव घातला. त्या ठणठणाटानं चार दारं उघडली. मग सहा. कुणी लाजून, कुणी कुरकुरत — पण आठ महिन्यांत बाविसावी सहीही आली. रस्ता पालिकेचा झाला. लाइन पडली, खांबावर दिवे लागले. फोटो निघाले, पेढे वाटले.

आणि मोगरा? आत, अंगणात लावला होता त्यांनी. रोज पाणी घातलं. नाही जगला.

आता संध्याकाळी सोनटक्के फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. रस्ता कसा, गुळगुळीत! दोन एसट्या आरामात जातील एकमेकींच्या बाजूनं. पण त्यांच्या दारापर्यंत येतं कोण? गाड्या विसाव्या घराशी वळतात. पायी चालणारे एकविसाव्याशी.

मंडळी, पालिका रस्ता ताब्यात घेते हो. माणूस नाही घेत! ते काम तिनं तुमच्यामाझ्याकडेच ठेवलंय.

देवाचं नाव घेऊ, घेऊच. पण त्याआधी तुमच्या गल्लीच्या टोकाला जो एकटा माणूस राहतो ना… त्याचं नाव घ्या बघू.

घ्या ना. मी थांबतो.