बोडक्या गळ्याची मंडळी

माझं माहेर वैरागचं. बाप लवकर गेला, थोरल्या भावानं, दादानं वाढवलं, लगीन बी त्यानंच करून दिलं, आन् मी सोलापुरात आले. माजे मालक पावरलूमवर कामाला, मी टॉवेलच्या कडा शिवायला. एकच खोली, पत्र्याची. आता तुमी म्हनताय चर्चची हिस्ट्री सांगा, तर काय सांगू तुमाला, ते काचंचं एसीवालं चर्च बघून आलाव न्हवं, ते माज्या त्या खोलीत जलमलंय. आयतवारी मी स्टो बाजूला सारायची, भांडी पलंगाखाली ढकलायची आन् सतरंजी टाकायची. चर्चच्या भिंतीवर फोटो लावल्यात, त्यात ती खोली न्हाय, ऱ्हाऊ द्या.

मालक लई प्यायचे. शेजारची तेलगू बाई, भाग्यम्मा, म्हनली आमचा पास्टर प्रार्थना करतो, बोलवू का. मी म्हनलं बोलव बाई, देव कंचा का असंना, दारू सुटल्याशी कारन. तो आला, सायकलवर, मराठी मोडकीतोडकी. पर खोटं बोलून मला कुटं जायचंय, तो मानूस रोज शिफ्ट सुटायच्या टायमाला कारखान्याच्या फाटकाशी हुबा ऱ्हायचा, मालकास्नी गुत्त्याकडं वळू द्यायचा न्हाय, घरापतुर सोडायचा आन् ताटात पडंल ते खायचा. असं कैक महिने. दारू सुटली. मग मालकच म्हनले, पास्टर, आमच्या खोलीत बसवा तुमची मंडळी. ज्यानं नवऱ्याची दारू सोडवली त्याला कंची बाई न्हाय म्हनंल, तुमीच सांगा की.

मग बाप्तिस्मा. होटगी रोडला एका मळ्यात पायऱ्यांची विहीर हुती, तितं नेलं, आमा समद्यास्नी पांढरी कापडं. पास्टर म्हनला पान्यात उतरायच्या आदी अंगावरचं उतरवा, जोडवी न्हाय, बांगड्या न्हाय, गळ्यातलं न्हाय, कुंकू पुसा. बाकीच्या बाया त्यांच्यातल्याच घरात वाढलेल्या, त्यांचे गळे आदीच मोकळे. माझाच हात गळ्याशी जाऊन थांबला. मी म्हनलं पास्टर, मालक जिते हायत माजे. तो म्हनला सिस्टर, ते काळ्या मन्यानं जिते हायत का देवानं. मालक माज्या आदी पान्यात जाऊन आलेले, काठावर वले हुबे. ते म्हनले काढ की, सुमन. काढलं.

तवापास्न गल्लीत आमचं नाव पडलं, बोडक्या गळ्याची मंडळी. नळावर बाया आपली घागर सरकवून घ्यायच्या. हळदीकुंकवाला बोलावनं बंद. सासू मंगळवेढ्यावरनं आली ती गळा बघून पानी बी न पिता माघारी गेली. मी म्हनलं जाऊ द्या, मालक सुदीवर हायत ना, मग झालं.

आन् वरीस सरायच्या आत मालकास्नी कावीळ झाली. दवाखाना केला, उपास केले, प्रार्थना केल्या. गेले.

आमच्याकडं रीत हाय, नवरा गेला की जानत्या बाया येत्यात, बांगड्या फोडत्यात, गळ्यातलं काढत्यात. आल्या. भवती बसल्या. आन् काढायला काय हुतंच न्हाय हो. सासूनं माजं मनगट धरलं, तशीच धरून बसली, मग सोडून दिलं. म्हनली, हिनं माजं पोरगं जितं असतानाच काढून ठिवलंय. समद्या बाया माज्याकडं बघाया लागल्या. म्या म्हनलं पास्टरनं काढाय लावलं, ह्यांच्यात चालत न्हाय, मालकांच्या म्होरं काढलं. कोन ऐकतंय. दादा दारात हुबा हुता. तो म्हनला, ह्यांच्यात चालत न्हाय का तुलाच नवरा नगं हुता, ते तुज्या देवाला ठाव. माज्या दारात यिऊ नगं.

तवापास्न माहेर तुटलं. आन् पास्टर काय म्हनला, तर सिस्टर, हा तुमचा क्रूस हाय, वाहा. म्या वाहिला.

मंडळी वाढली. खोलीतनं भाड्याच्या हॉलात, हॉलातनं आपल्या जाग्यात. म्हातारा पास्टर प्रभूत झोपला, म्हंजे वारला, त्याचं पोरगं गादीवर आलं. लहानपनी माज्या मांडीवर भात खाल्लेलं पोर, मावशी मावशी करायचं, आता आंटी म्हनतंय. त्यानं लगीन केलं, आन् भर चर्चमधी बायकोच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं, पडद्यावर मोठं करून दावलं समद्यास्नी. मी इचारलं रं बाबा, हे कसं. तर म्हनतो आंटी, काळ बदलला, ती संस्कृती हाय, देव हृदय बघतो. मी म्हनलं मग माज्या टायमाला काय बघत हुता त्यो? हसला नुस्ता.

औंदा चर्चचा मोठा वाढदिवस झाला. पोरगं घरी आलं, आंटी, तुमी साक्ष द्या, सुरवात तुमच्या घरात झाली ते सांगा, दारूचं सांगा, पर ते गळ्याचं नगा, नव्या फॅमिल्या येत्यात, बिथरतील. मी बरं म्हनलं. आन् शेजारनीच्या मोबाईलवरनं दादाला फोन लावला. दादा, एकदा ये, लोकांच्या म्होरं मी खरं काय ते बोलनार हाय, तुज्या कानानं ऐक. थकलाय आता, वैनी बी गेली. आला बिचारा येष्टीनं.

मी माइक धरला, खोलीचं सांगितलं, दारूचं सांगितलं, विहिरीवर आले. गळ्यातलं काढा म्हनले, एवढंच तोंडातनं गेलं, पोरानं हात वर केला, कीबोर्ड सुरू, ड्रम सुरू, हालेलुया, समदे उठून टाळ्या वाजवाया लागले. माइक कवाच बंद केलेला. मी वरडून वरडून सांगत हुते, माजं मलाच ऐकू येत नव्हतं. आन् दादा माज्याकडं बघतच नव्हता. पयल्या रांगेत पोराची बायको टाळ्या वाजवत हुती, तिच्या गळ्याकडं बघत हुता.

स्टँडवर सोडाय गेले. गाडी लागल्यावर म्हनला, “सुमे, ह्यांच्यात चालतंय की गं.”

चढला गाडीत. तवापास्न फोन उचलत न्हाय.

मी जाते अजून आयतवारी. माजं येशूशी काय भांडन न्हाय, त्यानं माज्याकडं कदी काय मागितलं न्हाय. मागनारे ह्ये हुते, आन् आता ह्यास्नी आठवत बी न्हाय. तुमचं देव भलं करो, बाई, तुमी येवढं ऐकलंत. वैरागकडं गेलाव कदी तर दादाला येवढंच सांगा, तवा चालत नव्हतं म्हनावं.