पाचवी सायकल

(कुबातचं सायकलींचं दुकान.)

कुबात : ...आणि ही पुढची टोपली बघ. नान टाक, कांदे टाक, काय हवं ते टाक. खास बायकांची सायकल आहे, नुरीपा. रंगसुद्धा मुद्दाम मागवला.

नुरीपा : गुलाबी रंग दिला की सायकल बायकांची होते होय, कुबात बैके? मग तुमच्या टेम्पोलाही फासा एक हात, दादा. बाळंत होईल.

बुरुलचा : सूनबाई, जीभ आवर. घे ती टोपलीवाली. काराकोलच्या बाजारापुरती चालव. डोंगर पुरे झाला. हिवाळाभर तुझ्या वेण्या मी घातल्यात, तुझा हात वर जात नव्हता म्हणून.

नुरीपा : अपा, उद्या त्याच डोंगरात परदेशी पाहुण्या बायांना न्यायचंय मला. ही टोपली घेऊन खिंड चढू? कांदे विकत?

कुबात : त्याला तुझी नेहमीची निळी आहे की!

नुरीपा : माझी कुठली? ती तुमची. तुम्ही हे असे विजेच्या खांबासारखे. त्या हँडलपर्यंत पोहोचायला मला पोटावर निजावं लागतं. ब्रेकला बोटांची टोकं लागतात, तेवढीच.

कुबात : इतके उन्हाळे चालवलीस तेव्हा नाही बोललीस. पडलीस ती उतारावर घाबरून. बायकांचं असंच असतं, खाली बघितलं की हातपाय गळाले. आता सायकलला नावं ठेव.

बुरुलचा : मीही तेच म्हणते. घाबरली, म्हणून पडली.

नुरीपा : म्हणा, म्हणा. दोघंही म्हणा. अपा, भिंतीवर त्या करड्या सायकली टांगल्यात ना, त्या कुणासाठी ते विचारा यांना.

बुरुलचा : कुणासाठी रे?

कुबात : त्या होय... भाड्याच्या आहेत. परदेशी बायांसाठी. बाहेरून मागवल्या. बाईच्या अंगाच्या बेताने बनवतात म्हणे. हँडल जवळ, सीट जरा रुंद, ब्रेक बोटांशी, वजन कमी असलं तरी दबतील असे शॉकअप.

बुरुलचा : म्हणजे अशा असतात? बाईच्या मापाच्या?

कुबात : असतात. पण अपा, त्या बाया नाजूक. त्यांना लागतं असलं. आपल्या बायका काय, कशावरही बसतात.

नुरीपा : ऐकलंत? त्यांना हाडं, आणि मला लाकडं.

बुरुलचा : काढ ती एक खाली.

कुबात : अपा, त्या विकायच्या नाहीत. चौघी येणार आहेत. पाचवी जादाची, कुणाची मोडलीच तर.

नुरीपा : त्यांची सायकल मोडली तर जादाची सायकल. माझं खांद्याचं हाड मोडलं तेव्हा जादाचं हाड होतं का भिंतीवर?

बुरुलचा : कुबात, काढतोस की मी स्टुलावर चढू?

(नुरीपा करड्या सायकलवरून दुकानापुढचा उतार उतरते आणि परत येते. मग निळीवरून.)

बुरुलचा : थांब. तशीच थांब. ब्रेक दाब... एवढीच बोटं?

नुरीपा : एवढीच, अपा.

बुरुलचा : आणि हिच्यावर बसून खिंडीतून खाली येतेस?

नुरीपा : येत होते.

बुरुलचा : कुबात, माझा सासरा महाखाष्ट. मी लग्न होऊन आले तर वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. पण मला नवऱ्याच्या खोगिरावर बसलेली बघितली आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या मापाचं खोगीर करवून आणलं. माझी दया आली म्हणून नव्हे, घोड्याची पाठ सोलवटेल म्हणून. तुला तेवढीही अक्कल नाही?

कुबात : अपा, तुम्ही चहा घ्या ना...

बुरुलचा : तूच पी. घसा कोरडा पडलाय तुझा.

कुबात : निळीवरून नसेल जायचं तर राहू दे तिला. माझा भाऊ नेईल पाहुण्यांना.

नुरीपा : तुमचा भाऊ! मागच्या खेपेला भलत्याच मेंढपाळाच्या तंबूत घोडीच्या आंबवलेल्या दुधाची कुमिस ढोसून झोपला. पाहुण्यांनी त्याला हुडकून खाली आणला. न्या, त्यालाच न्या. आणि त्या बायांनी बाईच वाटाडी मागितलीय, तेव्हा त्याला ही गुलाबी द्या. शोभेल.

कुबात : ...उद्यापुरती घेऊन जा करडी.

नुरीपा : उद्यापुरती नको. विकत. म्हणजे परवा पुन्हा तुमच्या भिंतीवर चढणार नाही.

कुबात : बरं बाई, घे! तुझ्या उन्हाळ्याच्या मजुरीतून वळती करतो. उद्या वेळेवर ये म्हणजे झालं. पाना आणतो आतून.

बुरुलचा : नुरीपा.

नुरीपा : काय, अपा?

बुरुलचा : गावभर सांगितलं मी, सून घाबरट आहे म्हणून.

नुरीपा : माहीत आहे. पाव आणायला गेले तरी ऐकू यायचं.

बुरुलचा : ...सीट बोटभर खाली घे. घाई करू नकोस. मी थांबते.