चौथी फेरी

माझा जन्म डोळखांबच्या वर एका पाड्यावर झाला, आणि आई सांगायची की सुईणीनं पाय धरले तेव्हाच मी ते सोडवून घेतले होते. आता खरं-खोटं त्या सुईणीला माहीत, पण आमच्या घरात ही गोष्ट माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून सांगतात. सगळे मला भिंगरी म्हणायचे. भाताच्या आवणीला सगळी पोरं रोपं लावत एका ओळीत मागं सरकायची आणि मी भलत्याच बांधावर, नाचणी राखायला बसवलं तर पाखरांपेक्षा मीच जास्त फिरायचो. किन्हवलीच्या शाळेत मास्तरांनी कंटाळून मला घंटा वाजवायचं काम दिलं, का, तर तासाला एकदा तरी पोराला उठायला कारण मिळेल. अशा पोराचं काय होणार, तर इमर्जन्सीचा डॉक्टर. बाकीच्या डॉक्टरांना बसायला खुर्ची लागते, मला लागते ती कोट टाकायला. लग्नात सप्तपदीला मी सातऐवजी अकरा पावलं चाललो आणि बायकोला ओढत नेली, ती आजपण पाहुण्यांना सांगते की तेव्हाच कळायला पायजे होतं.

मला डॉक्टर केला तो मामानं. आईचं माहेर धसई. मामा फौजेत होता, हवालदार होऊन रिटायर झाला. सुट्टीवर आला की माझ्या पायाला सुतळी बांधायचा, दुसरं टोक आपल्या मुठीत धरून ओटीवर बसायचा आणि बोलायचा, हं, वाच. मी हललो की सुतळी हलायची, सुतळी हलली की मामा खाकरायचा, बस, एवढंच. मारलं कधीच नाय. बारावीपर्यंतची माझी सगळी बैठक त्या सुतळीची.

मग शिक्षण झालं, मुंबईत सात वर्षं नोकरी झाली, आणि शहापूरला हायवेलगत माजी सैनिकांचं हॉस्पिटल निघालं तेव्हा मी घर जवळ म्हणून तिथं आलो. काय सांगू तुमाला, असे पेशंट मी कुठं बघितले नव्हते. मुंबईत बोट कापलं तरी माणूस ओरडत आत शिरायचा. इथं छातीत कळ येत असली तरी आधी दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, बुटाला पॉलिश मारतात, कागदांची फाइल काखेत घेतात आणि मग निघतात. किती दुखतंय विचारलं की बोलतात, चलता है साहब. मी नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी शिकवतो, इथं ठीक आहे म्हणजे वाईट आहे, आणि थोडं दुखतं म्हणजे धावा.

आणि दुसरं म्हणजे उभं राहणं. इमर्जन्सीच्या बाहेर लांब बाक आहे, त्यावर सगळे नंबर लावून बसतात. डॉक्टर समोरून गेला की सगळा बाक उठतो, सत्तर वर्षांचा, ऐंशी वर्षांचा, गुडघे कुरकुरतात पण उठतो. आता मी हा असा. दुसरा डॉक्टर दिवसातून चारदा तिथून जाईल तर मी चाळीसदा. पहिल्या महिन्यात मी ओशाळायचो, बसा बसा करत पळायचो. दुसऱ्या महिन्यात सवय झाली. तिसऱ्या महिन्यात, आता लिहून घेताय तर घ्या, मला ते आवडायला लागलं. पाड्यावरचा भिंगरी चालतोय आणि अख्खी पलटण उठतेय, कोणाला नाय आवडणार. तोंडानं बसा बसा चालू, पण नजर हातातल्या कागदावर, आणि कान मात्र बाक करकरतोय का तिकडं.

तर तो सोमवार. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, सकाळपासून गर्दी. पहिली फेरी मी एक्स-रे बघायला गेलो, बाक उठला, मी बसा बसा. दुसरी फेरी आतल्या एका पेशंटचं रक्त पाठवलं का ते विचारायला, बाक उठला, बसा बसा. तिसऱ्या फेरीला काय काम होतं ते विचारू नका, कारण काम नव्हतंच. उगीच गेलो. पायाला थारा नव्हता म्हणून गेलो. बाक उठला, मी कागदात बघत बसा बसा.

चौथ्या फेरीला बाक उठला आणि मधे एक पांढरा शर्ट बसलेलाच राहिला.

मला काय वाटलं सांगू का? मला राग आला. काळजी नाय वाटली, राग आला. हा कोण नवाब, म्हणून मी थांबलो, वळलो, तोंडात वाक्य तयार, काय काका, खुर्ची आणून देऊ का. आणि बघतो तर मामा.

तोंड राखेसारखं. दाढी गुळगुळीत केलेली, गालावर घामाचे थेंब, शर्टाची कॉलर भिजून मानेला चिकटलेली, मांडीवर फाइल नीट ठेवलेली. मला बघितलं आणि उठायला त्यानं गुडघ्यावर हात टेकला. मी ओरडलो, बस मामा. तेवढ्यात त्याचे डोळे फिरले आणि तो शेजारच्याच्या अंगावर कलंडला.

सिस्टर स्ट्रेचर आणायला धावली, पण त्याच्या आधी बाकावरच्या चार म्हाताऱ्यांनी मामाला उचललापण, एक मूतखड्याचा, एक गुडघ्याचा, दोन शुगरचे, आणि काय सांगू, चौघांची पावलं एकसारखी पडत होती. आत घेतला तर हृदय नुसतं थरथरतंय, ठोका नाय. मी छाती दाबायला लागलो. मामाची छाती हो. शॉक दिला, काय नाय. परत दाबली, परत शॉक. दुसऱ्या शॉकनंतर स्क्रीनवर एक ठोका आला, मग थांबून दुसरा, मग ओळीनं. सिस्टर बोलली, सर, आता तुमी बाजूला व्हा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि ठाण्याला पाठवला, तिथं त्याची अँजिओप्लास्टी झाली.

तिसऱ्या दिवशी मी ठाण्याला त्याच्या खाटेसमोर उभा. बोललो, मामा, पहाटेपासून दुखत होतं, धसईहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर, दोन एसट्या बदलून आलास, काउंटरवर बीपी तपासायचा आहे म्हणून सांगितलंस, माझं नाव तरी घ्यायचंस. तर बोलला, पुढं अकरा जण होते, त्यांनी कोणाचं नाव घ्यायचं? बोललो, बरं, मग तीनदा उठलास कशाला? बोलला, डॉक्टर आला म्हणून. बोललो, अरे मी तुझा भाचा. बोलला, ते धसईला. मग जरा दम खाऊन बोलला, दिनू, चौथ्यांदा पण उठायचं होतं रे, पाय उचलला नाय, राग नको धरू.

माझी माफी मागितली त्यानं. तेव्हापासून माझी झोप गेली. छातीची नळी बंद झालेला माणूस तीनदा उभा राहिला तो माझ्यामुळं, आणि त्यातला एकदा तर माझ्या बिनकामाच्या फेरीपायी. हॉस्पिटलात मी आता मागच्या दारानं ये-जा करतो. बाकासमोर गेलो तर प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत जातो, आणि एका रिटायर सुभेदारसाहेबांना रोज सकाळी विनंती करतो, ते खणखणीत आवाजात हुकूम सोडतात की कोणी उठायचं नाय. मी सांगून कोणी ऐकत नव्हतं, त्यांचं ऐकतात. पण जीव थाऱ्यावर येत नाय.

त्यात मामी. मामीनं अख्ख्या धसईला सांगून ठेवलं होतं की आमच्या दिनूनं दारातूनच मामाला ओळखलं, पहिल्या नजरेत, आणि धावत येऊन उचललं. मी धसईच्या बाजारात गेलो की भाजीवाली मेथी बांधता बांधता बोलणार, तुमीच ना ते, पहिल्या नजरेतले. मी सुटे न घेताच पुढं. मी काय बोललो नव्हतो, पण खोडूनपण काढलं नव्हतं, आणि माझ्या बायकोलासुद्धा तीच गोष्ट ठाऊक.

मग गेल्या रविवारी मामाच्या घरी गेलो. मामा ओटीवर झोपलेला, मामी चुलीपाशी. मी बोललो, मामी, तुला एक सांगायचं आहे, मी पहिल्या नजरेत नाय बघितलं. मामी भाकरी थापत बोलली, ठाऊक आहे, त्यानं ठाण्यालाच सांगितलं मला, तीनदा समोरून तसाच गेलास. बोललो, मग गावभर असं का सांगतेस? तर बोलली, मग काय सांगू, भाच्यानं मामाला बघितलाच नाय असं सांगू? गाव तुला बोलेल ते बोलेल, मलापण ऐकावं लागेल. तू एक सांग, चौथ्यांदा तरी कसा बघितलास?

आता हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बोललो, मामी, सगळे उठले आणि तो एकटा उठला नाय, मला राग आला, म्हणून बघितलं.

मामीचा हात थांबला. बोलली, म्हणजे तो उठला असता तर?

मी चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं करत बसलो. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिनं ती उलटली, फुगू दिली, काढली, माझ्या ताटात टाकली. मग ओटीकडं बघून बोलली, चाळीस वर्षं झाली लग्नाला, मी सांगत आले, दर वेळी उठायला पायजेच असं नाय. बरं झालं बाबा, एकदा तरी बसून राहिला. जेव आता.